सुट्टी सगळ्यांना एकदमच का?

एप्रिल लागला की मुलांची भुणभुण सुरू होते. परीक्षा अजून संपायची असते, पण वर्गातलं कुणीतरी आधीच इमॅजिकाला जाऊन आलेलं असतं आणि मग आपल्या घरी तोच एक घोषा चालू होतो, ‘आई, आपण कधी जायचं?’ १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं तेव्हा अशी सहल म्हणजे अपूर्वाई होती. चार-पाच वर्षांतून एकदा जायचं आणि पुढे वर्षभर त्याच्या गोष्टी सांगायच्या! मग १९९८मध्ये वॉटर किंगडम आलं, २०१३मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका उभं राहिलं. आता थीम पार्कची सहल मध्यमवर्गीय घराच्या सुट्टीच्या यादीत सहज बसते. प्रश्न राहतो तो ‘कधी’ जायचं याचा. वरवर साधा वाटणारा हा प्रश्न खिशाशी, तब्येतीशी आणि शाळेच्या वेळापत्रकाशी जोडलेला आहे. आणि त्याचं उत्तर शोधायची जबाबदारी, नेहमीप्रमाणे, घरातल्या बाईवर!

आधी साधा हिशेब करू. समजा, एका राइडमध्ये २४ जण बसतात आणि ती दर तीन मिनिटांनी सुटते. म्हणजे तासाला ४८० माणसं. तुमच्या पुढे पाचशे माणसं असतील तर तासाभराची निश्चिंती! तिकीट दीड हजाराचं धरा. गर्दीच्या दिवशी पाच राइड्स झाल्या तर एक राइड तीनशेला पडली. रिकाम्या दिवशी पंधरा झाल्या तर तीच शंभराला. तिकिटावर छापलेली किंमत वेगळी आणि आपल्या पदरात पडलेली वेगळी. म्हणूनच ‘कुठलं पार्क चांगलं?’ यापेक्षा ‘कुठल्या दिवशी जावं?’ हा प्रश्न जास्त शहाणपणाचा आहे.

आणि आपण सगळे नेमके जातो कधी? मे महिन्यात. त्यातही शनिवार-रविवारी. म्हणजे सगळ्यांत जास्त ऊन, सगळ्यांत लांब रांगा आणि सवलत मात्र सगळ्यांत कमी, असा मुहूर्त आपण हौसेने गाठतो!

उन्हाची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिलेली नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. माणसं उघड्या मैदानात उन्हात बसली होती, एवढंच. इमॅजिका आहे तो रायगड जिल्हाही हाच. पार्कात सावली असते, पाणी असतं, हे खरं. पण भर दुपारी रांगेत उभं राहणारं सहा वर्षांचं मूल आणि ‘मी आपली इथेच बसते गं’ म्हणून बाकावर टेकलेली सासूबाई यांच्या अंगाला ऊन लागायचं ते लागतंच. हवा दमट असली की घाम वाळत नाही, शरीर निवत नाही. तापमापकातला आकडा छत्तीसच दाखवत असला, तरी जीव चाळिशीसारखा कासावीस होतो तो यामुळे.

बरं, ‘मेअखेरीस जाऊ, तोवर गर्दी ओसरेल’ म्हणावं, तर त्याचाही भरवसा उरला नाही. २०२५मध्ये मुंबईत मान्सून २६ मे रोजीच दाखल झाला. नोंदींमधलं आजवरचं सर्वांत लवकर आगमन! मेच्या शेवटच्या आठवड्यासाठी ज्यांनी आगाऊ तिकिटं काढली असतील, त्यांची सहल भिजलीच म्हणायची. विजा कडाडायला लागल्या, वारा सुटला की उंच राइड्स बंद ठेवाव्या लागतात. आणि ते योग्यच आहे. पण मुलांना हे कोण समजावणार? आईच!

मग आपण मेमध्येच का जातो? उघड आहे. शाळा तेव्हाच सोडतात म्हणून. आता तर तेही आधी कळेल याची खात्री नाही. २०२५च्या मार्चमध्ये राज्यातल्या पहिली ते नववीच्या परीक्षांचं एकच वेळापत्रक आलं आणि परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबल्या. एरवी काही शाळांच्या परीक्षा एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात उरकायच्या. शिक्षक आणि पालक संघटनांनी उन्हाचं कारण देऊन विरोध केला. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४पासून साठ दिवस आधी उघडतं. म्हणजे एप्रिलच्या मध्याला गावी निघणाऱ्याने फेब्रुवारीच्या मध्यालाच तिकीट काढलेलं असणार! वेळापत्रक ठरवणाऱ्यांना परीक्षा दिसते. त्यामागे घरातली आजोळची फेरी, लग्नं, बापाची रजा आणि आईची रजा अशी केवढी साखळी असते, ते दिसत नाही.

आईच्या रजेचा विषय निघालाच आहे तर बोलूच. बँकेतल्या बाईला मार्चअखेर हलता येत नाही. शिक्षिकेला परीक्षा झाल्या तरी पेपर तपासायचे असतात, निकाल लावायचे असतात. दुकानात किंवा घरकामाला जाणाऱ्या बाईची सुट्टी म्हणजे थेट पगाराला कात्री. गृहिणीला तर रजाच नाही! या सगळ्यांच्या तारखा जुळवून शेवटी जो दिवस ठरतो तो मेमधला एखादा रविवार. मग त्या दिवशी पाळीची तारीख येत असेल तर? ‘एक गोळी घे आणि ढकल पुढे.’ मैत्रिणी हा सल्ला किती सहज देतात! पण ती गोळी हार्मोनची असते. रक्तात गुठळ्या होण्याचा पूर्वेतिहास, मायग्रेन, यकृताचा त्रास असलेल्यांना ती धोक्याची ठरू शकते. डॉक्टरांना न विचारता, केमिस्टकडून परस्पर आणून ती घ्यायची नाही, म्हणजे नाही. सहलीची तारीख हलवता येते, हे आपल्याला सुचतच नाही. घरात सगळ्यांच्या सोयीने तारीख ठरते, फक्त जिने डबे भरायचे तिच्या शरीराची सोय कुणी विचारत नाही.

हा पेच फक्त आपल्याकडचा आहे असं मुळीच नाही. इंग्लंडमध्ये तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. आइल ऑफ वाइट बेटावरचे जॉन प्लॅट यांनी एप्रिल २०१५मध्ये शाळा चालू असताना मुलीला फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डला नेलं. शाळेने परवानगी नाकारली होती. ६० पौंडांचा दंड झाला, तो त्यांनी भरला नाही आणि प्रकरण कोर्टात गेलं. खालच्या कोर्टाने त्यांच्या बाजूने कौल दिला, २०१६मध्ये हायकोर्टानेही दिला. पण एप्रिल २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. ‘नियमित हजेरी’ म्हणजे शाळेच्या नियमांप्रमाणे हजेरी, बाकी दिवस मूल कितीही वेळेवर येत असो! त्यानंतर ऑगस्ट २०२४पासून तिथला हा दंड ८० पौंड झाला, तोही एकवीस दिवसांत भरला तर. नंतर भरलात तर १६०. तरीही पालक मुलांना नेतातच. कारण साधं आहे. सुट्टीतल्या विमानाच्या आणि हॉटेलच्या दरांतला फरक दंडापेक्षा मोठा असतो.

पार्कवाल्यांनीही ही नस केव्हाच ओळखली आहे. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडने २०१६मध्ये एका दिवसाच्या तिकिटाचे तीन भाव केले. शांत दिवसांना ९५ डॉलर, मधल्या दिवसांना १०५ आणि गर्दीच्या दिवसांना ११९. फ्लोरिडात २०१८पासून तारखेप्रमाणे भाव लागू झाले, टोकियोने २०२१मध्ये तोच रस्ता धरला. म्हणजे ज्याच्या हातात तारीख निवडणं आहे त्याला स्वस्त. ज्याची मुलं शाळेत जातात त्याला महाग! पार्क मुलांसाठी, आणि मुलं असलेल्या घरालाच जादा भाव. आहे की नाही गंमत?

यावर काही देशांनी मुळातच उपाय केला आहे. जर्मनीत सोळा राज्यं आहेत आणि त्यांच्या उन्हाळी सुट्ट्या वेगवेगळ्या तारखांना सुरू होतात. काहींच्या जूनच्या अखेरीस, तर बव्हेरियाची सगळ्यांत शेवटी संपते, थेट सप्टेंबरच्या मध्याला. फ्रान्सने देशाचे तीन विभाग केलेत आणि हिवाळ्याच्या व वसंताच्या सुट्ट्या त्यांना आळीपाळीने मिळतात. सगळा देश एकाच दिवशी रस्त्यावर येत नाही. हॉटेलवाल्याचा हंगामही लांबतो.

‘हे आपल्याकडे कसं जमायचं?’ असं म्हणू नका, कारण थोडंसं जमलेलं आहेच. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. २०२४मध्ये राज्यात १५ जूनला आणि विदर्भात १ जुलैला. २०२५मध्ये १६ जूनला आणि विदर्भात २३ जूनला. म्हणजे ‘एक राज्य, एक तारीख’ ही काही दगडावरची रेघ नाही. उन्हासाठी तारीख हलते, तर दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत विभागवार चार-सहा दिवसांचा फरक का करता येऊ नये? एसटीची गर्दी, घाटातला वाहतुकीचा खोळंबा, पार्कातल्या रांगा, सगळ्यांनाच थोडा श्वास मिळेल.

पण सरकार हलेल तेव्हा हलेल. यंदा आपण काय करायचं? वर्षभराचं कॅलेंडर भिंतीवरून काढून समोर घ्या.

जूनचा दुसरा पंधरवडा आणि जुलै : शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात, मधल्या वारी गर्दी कमी. भिजायचंच आहे तर वॉटर पार्कला पावसाची अडचण ती काय? मात्र विजांचा इशारा असेल तर बेत रद्द करायचा. आणि पावसाळी शनिवार-रविवारी लोणावळा-खोपोलीच्या रस्त्याला जायचं नावच नको.

गणपतीनंतरचा पितृपंधरवडा : या दिवसांत पुष्कळ घरांत नवी खरेदी नाही, समारंभ नाही. पाऊस उतरणीला लागलेला, शाळा चालू. ज्यांची श्रद्धा आड येत नाही त्यांना हे दिवस शांत मिळण्याची शक्यता बरीच.

दिवाळीची सुट्टी : पाडवा-भाऊबीज सोडून सुट्टीच्या शेवटच्या दिवसांतला मंगळवार-बुधवार बघा. पहिल्या चार दिवसांत सगळेच निघतात.

डिसेंबर-जानेवारी : हवा सुरेख, पण दोन पाचर आहेत. नाताळचा आठवडा, आणि शाळांच्या सहली. मधल्या वारी गेलात आणि दारात दहा बसगाड्या उभ्या दिसल्या तर काय! तिकीट काढण्याआधी पार्कला फोन करून ‘त्या दिवशी शाळांच्या सहली आहेत का?’ एवढं विचारा.

जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य : माझ्या मते वर्षातला सगळ्यांत चांगला काळ. ऊन कोवळं, सहली आटोपलेल्या. घरात दहावी-बारावी असेल तर अर्थातच नाही. प्रजासत्ताक दिनाला जोडून येणारा शनिवार-रविवारही टाळायचा.

मार्चचा शेवट : सीबीएसईच्या मुलांची परीक्षा संपलेली आणि नवं वर्ष सुरू व्हायचं असतं. त्या फटीत ऊन अजून मेइतकं तापलेलं नसतं.

आणि मेच निवडावा लागला तर? मधला वार धरा, दार उघडायच्या आधी पोहोचा, मोठ्या राइड्स पहिल्या दोन तासांत उरका. बारा ते चार सावलीतले खेळ आणि जेवण. बऱ्याच पार्कांत बालतिकीट वयावर नसतं, उंचीवर असतं; मोठ्या राइड्सनाही उंचीची अट असते. धाकटं अजून त्या पट्टीखाली असेल, तर सहल एक वर्ष पुढे ढकलणं हाही उत्तम मुहूर्तच!

परदेशी निघणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आपला मे महिना तिकडे शांत असेल असं धरून चालू नका. फ्रान्समध्ये १ आणि ८ मेच्या सुट्ट्या, शिवाय बहुतेक वर्षी मेमध्येच येणारा असेन्शनचा गुरुवार, त्याला जोडून लोक लांब सुट्टी घेतात आणि पॅरिसचं डिस्नेलँड भरतं. जपानमध्ये एप्रिलअखेर ते ५ मेच्या सुमारास ‘गोल्डन वीक’. सिंगापूरच्या शाळांना जून महिना सुट्टी, म्हणजे तिथे जायचं तर मेच्या पहिल्या तीन आठवड्यांत. टूर कंपनीला हॉटेलचे तारे विचारतो, तसं ‘त्या आठवड्यात तिथे सुट्टी आहे का?’ हेही विचारायला हवं.

मधल्या वारी जायचं म्हणजे शाळा बुडवायची का? नेहमी नको. पण शाळांकडे मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या एक-दोन सुट्ट्या असतात. त्या ऐनवेळी जाहीर होतात आणि वाया जातात. पालक-शिक्षक संघाच्या जूनमधल्या पहिल्याच सभेत त्यांच्या तारखा मागून घ्या. जमल्यास एखादी फेब्रुवारीतल्या बुधवारी ठेवायला सांगा. या सभांना बहुतेक ठिकाणी आयाच जातात ना? मग फी आणि गृहपाठाबरोबर हेही बोलूया. वर्षाच्या सुरुवातीला तारीख हातात आली, तर आईला रजा मागता येईल, तिकीट स्वस्त मिळेल.

मधल्या वारी गेलं की आणखी एक गोष्ट घडते, तीही सांगायला हवी. गर्दी कमी म्हणजे नजराही कमी. एरवी ओल्या कपड्यांचा संकोच म्हणून काठावर पिशव्या, चपला आणि मोबाइल सांभाळत बसणाऱ्या बायका त्या दिवशी पाण्यात उतरतात. तेव्हा तारीख ठरवताना मुलांची शाळा बघा, नवऱ्याची रजा बघा, आणि त्या दिवशी आपल्यालाही खेळायला मिळेल ना, हेही बघा. तिकीट आपणही पूर्णच काढतो!