सॉफ्टवेअरची नक्षी मालकानेच वाचावी

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल-चादरीचा कोणताही कारखाना घ्या. सुताचा हिशेब किलोत, ताण्याचा मीटरमध्ये, रंगाईचा लॉटवर आणि विक्रीचा नगावर. हा सारा हिशेब आता सॉफ्टवेअरमध्ये गेला आहे. मालक मात्र म्हणतो, "ते पोरांचे काम, आम्हाला त्यातले कळत नाही." आमच्या मते मोठे नुकसान या एका वाक्यातूनच सुरू होते.

वास्तविक ही गोष्ट आपल्याला परकी नाही. जेकार्ड मागावर कार्डातील छिद्रे ठरवतात की कोणता धागा उचलायचा आणि कोणता खाली ठेवायचा. फ्रान्समध्ये 1804 च्या सुमारास पुढे आलेली ही छिद्रांची युक्तीच पुढे संगणकाच्या कामी आली. चालू नक्षीतील एक फूल सरकवायचे तर एकच कार्ड बदलून भागत नाही, हे आपला प्रत्येक कारीगर जाणतो. मागची-पुढची कार्डे पाहावी लागतात, नमुना विणून पाहावा लागतो. मग सॉफ्टवेअरवाल्याला मात्र आपण फोनवर "एवढे जरा संध्याकाळपर्यंत बदलून टाका" असे कसे सांगतो?

ताजे उदाहरण जीएसटीचे. 22 सप्टेंबर 2025 पासून टॉवेल-चादरीसारख्या तयार मालावर 5 टक्के दराची मर्यादा नगामागे 1,000 वरून 2,500 रुपये झाली. त्यावरच्या मालाचा दर 12 वरून 18 टक्के झाला. पाहायला दोन आकडे बदलायचे. पण 1,500 रुपयांची चादर ऑगस्टमध्ये 12 टक्क्यांनी विकली आणि नोव्हेंबरमध्ये परत आली, तर क्रेडिट नोट जुन्याच दराने निघाली पाहिजे. सूट दिल्यावर किंमत मर्यादेच्या खाली उतरली तर? सेटची किंमत धरायची की नगाची? हे प्रश्न संगणकाचे नाहीत, व्यापाराचे आहेत. त्यांची उत्तरे मालकाने कर सल्लागाराला विचारून द्यायची असतात. ती दिली नाहीत, तर प्रोग्राम लिहिणारा आपल्या अंदाजाने ठरवतो, आणि चुकीची नोटीस येते ती मालकाच्या नावावर.

म्हणून बांधवांना आमचे सांगणे एवढेच. बदल तोंडी सांगू नका, कागदावर लिहून द्या. बदल करण्यापूर्वी "याने आणखी कुठे कुठे फरक पडेल?" हे विचारा. दहा जुनी बिले नव्या व्यवस्थेत घालून ताळा पाहा. रोजच्या डेटाची एक प्रत कारखान्याबाहेर ठेवा, आणि ती खरोखर उघडते की नाही तेही पाहत जा. पासवर्ड एकाच नोकराच्या डोक्यात राहू देऊ नका. मागाच्या तेलपाण्यासाठी पैसे ठेवतो, तसेच सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठीही दरवर्षी ठेवा.

माग दुरुस्त करता येत नाही म्हणून कोणी कारखानदार माग बंद पडल्याचा आवाज ओळखायचे सोडत नाही. जॉबरला नेमका प्रश्न विचारण्याइतके ज्ञान त्याला असतेच. सॉफ्टवेअरच्या बाबतीतही तेवढे ज्ञान पुरेसे आहे, पण तेवढे तरी हवेच.