घर मिळाले, वारा हरवला

मुंबई, प्रतिनिधी : देशातून २०२५ पर्यंत क्षयरोग हद्दपार करण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने २०१७ मध्ये जाहीर केले होते. ती मुदत उलटली, रोग मात्र कायम आहे. औषधे, तपासण्या आणि पोषण आहार यांवर बरीच चर्चा झाली; रुग्ण ज्या घरात राहतो, त्या घराच्या खिडकीची दखल मात्र क्वचितच घेतली गेली.

नगररचना आणि आरोग्य यांचे नाते मुंबईला नवे नाही. १८९६ मध्ये मांडवी परिसरात प्लेगचा उद्रेक झाल्यानंतर १८९८ मध्ये ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. दाट वस्तीत समुद्रावरचा वारा खेळावा, हा प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड यांच्या आखणीमागील एक हेतू होता. तथापि, पाडलेल्या चाळींतील गरीब भाडेकरूंना कोणी विचारले नाही. नवी घरे न परवडल्याने त्यांतील अनेक जण शेजारच्या वस्त्यांत अधिकच दाटीवाटीने राहू लागले.

शंभर वर्षांनंतर हीच चूक वेगळ्या रूपात घडली. विविध प्रकल्पांतील विस्थापितांसाठी गोवंडी-मानखुर्द पट्ट्यात नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. डोक्यावर पक्के छप्पर आले; पण काही ठिकाणी दोन इमारतींमधील अंतर जेमतेम तीन मीटर राहिले. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या २०१८ मधील अभ्यासाने उजेड व वायुवीजनाचा अभाव आणि क्षयरोग यांचा संबंध दाखवून दिला. खालच्या मजल्यांवरील रहिवाशांना याची झळ अधिक बसते. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. हवा कोंडली की संसर्गाचा धोका वाढतो, हे त्यामागील साधे कारण.

इमारतींमधील अरुंद गल्ल्यांत कचरा साचला की दुर्गंधीमुळे असलेल्या खिडक्याही बंद होतात. ही गोष्ट नकाशात दिसत नाही. ती तेथे राहणाऱ्यालाच ठाऊक असते. नटवर पारेख कंपाउंडमधील रहिवाशांनी वास्तुरचनाकारांच्या मदतीने अशा गल्ल्या सुधारण्याचे प्रयत्न केले. ते निश्चितच स्वागतार्ह आहेत. परंतु गल्ली झाडता येते, रुंद करता येत नाही.

म्हणूनच लोकसहभागाची वेळ महत्त्वाची ठरते. झोपडपट्टी पुनर्वसनात रहिवाशांची संमती घेतली जाते ती प्रकल्पाला. इमारतींमधील अंतराला नव्हे. धारावीच्या पुनर्विकासाची तयारी सुरू असताना हा क्रम बदलणे अगत्याचे आहे. अन्यथा आराखड्यात वाचवलेल्या जागेची किंमत रहिवाशांना आपल्या फुफ्फुसांनी चुकवावी लागेल.