सूट

क्रांती भुकेने होते, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. फ्रान्सची राज्यक्रांती शिकविताना मुलांपुढे पाव महागलेले पॅरिस आणि ‘केक खा’ म्हणणारी राणी उभी केली, की आम्ही मास्तर मोकळे! राणी तसे बोलल्याचा पुरावा नाही, ते असो. पण १७०९ च्या हिवाळ्यात त्याच फ्रान्समध्ये थंडीने आणि उपासमारीने लाखो माणसे मेली. तेव्हा का नाही झाली क्रांती?

माणूस भूक सोसतो. त्याला सोसवत नाही ती शेजारच्या वाड्याला मिळालेली सूट.

मिठाचेच पाहा. उत्तर फ्रान्सच्या मोठ्या भागात आठ वर्षांवरील प्रत्येक माणशी ठरावीक मीठ सरकारी कोठारातून घ्यावेच लागे, आणि तेही सरकार सांगेल त्या भावाने. बरे, पैसे मोजले म्हणून ते आपले झाले म्हणता? छे! ते फक्त जेवणातले. मांस खारवायला वापरले तर दंड. त्यासाठी निराळे मीठ घ्या. (आमटीतले मीठ लोणच्याला लावाल तर खबरदार, असे आपल्या घरातल्या बायकांना कोणी सांगून पाहावे!) मिठावरचा कर काय असतो, हे १९३० साली शिरोड्याला लाठ्या खाल्लेल्यांना सांगायला नको होते. पण तो कर निदान सर्वांना होता. फ्रान्समध्ये सरदार आणि धर्मगुरू यांतल्या पुष्कळांना त्यातून सूट. ‘ताय’ नावाच्या मुख्य करातूनही सूट. ही मंडळी लोकसंख्येत शेकडा दोनांच्या आत, आणि देशाच्या चौथाईहून अधिक जमीन त्यांच्याकडे!

पुढाऱ्यांनी गरिबांची माथी भडकविली म्हणून उत्पात होतात, असे दिवाळीचा फराळ करता करता सांगणारे गृहस्थ घरोघर असतात. त्यांनी १७८७ साल जरूर पाहावे. खजिना रिकामा झाला होता. कालॉन या राजाच्याच मंत्र्याने सुचविले, की जमिनीवर सर्वांनी कर द्यावा, कोणाला सूट नको. त्यासाठी व्हर्सायला बड्या लोकांची सभा भरली. सभेने नकार दिला, आणि राजाने मंत्र्यालाच घरी पाठविले. यात रूसो कुठे आला आणि उपाशी गरीब तरी कुठे आला?

पुढे ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री याच वर्गातले लोक राष्ट्रसभेत एकामागून एक उठून आपापले हक्क सोडू लागले. तोवर गावोगाव त्यांच्या वाड्यांतली दप्तरे जळत होती.