जीन : एका शब्दाची कुळकथा

दिवाळी सरली की यवतमाळ जिल्ह्यात एक इंग्रजी शब्द घरोघरी मराठीसारखा बोलला जातो. वणी, घाटंजी, दारव्हा, कोठेही जा, "कापूस जिनात गेला काय?" हा प्रश्न कानी पडावयाचाच. विचारणारास आपण परभाषेतील शब्द उच्चारतो आहो याची जाणीवही नसते. आमच्या घरच्या एका शाळकरी मुलीने मात्र परवा आम्हांस पेचात धरले. "आजोबा, कापूस जिनात जातो, दादा जीन अंगात घालतो, आणि आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात जीन म्हणजे जनुक. मग खरा जीन कोणता?" प्रश्न मार्मिक होता, तेव्हा या वेळी त्याचाच शोध घेऊ.

प्रथम तोतये बाजूस सारावेत. घोड्याच्या पाठीवर कसतात ते जीन फारसी आहे. कापडाचा जीन इटलीतील जिनोवा बंदराच्या नावावरून आला. त्याच नावाचे एक मद्य आहे, त्याचा संबंध एका काटेरी झुडपाच्या फळांशी. या पानावर त्याचा एवढा उल्लेख पुरे.

कापसाचा जीन म्हणजे शेंडी उतरविलेले 'इंजिन' होय! इंग्रजांनी जुन्या फ्रेंच भाषेतून तो शब्द घेतला, उच्चारताना भर दुसऱ्या अक्षरावर दिला आणि पहिले अक्षर गिळून टाकले. आपण तरी निराळे काय केले? 'अरण्य' याचे 'रान' केले, 'अरघट्ट' याचा 'रहाट' केला. एकाच शब्दाची अशी दोन रूपे झाली आणि दोन्ही यवतमाळात येऊन पोचली. मूर्तिजापूरहून यवतमाळास येणारी अरुंद रुळांची 'शकुंतला' आमच्या पिढीस विसरता येणार नाही. कापूस वाहून नेण्यासाठी घातलेल्या त्या मार्गावर 1921 साली मँचेस्टरास बांधलेले वाफेचे इंजिन 1994 पर्यंत धावत होते. जिनातून निघालेल्या रुईच्या गाठी इंजिनाने ओढाव्यात, म्हणजे भावाचे ओझे भावाने वाहिल्यासारखेच झाले. परंतु त्यांचे नाते कोणाच्या ध्यानी आले नाही.

या दोघांचे मूळ लॅटिन 'इंजेनियम'. त्याचा अर्थ यंत्र नव्हे, तर जन्मतः लाभलेली बुद्धी. त्यातील धातू आणि आपला 'जन्' धातू एकाच कुळातले. बुद्धीवरून अर्थ युक्तीवर गेला, युक्तीवरून युक्तीने रचलेल्या साधनावर. किल्ल्यांवर धोंडे फेकणारी यंत्रे हीच पहिली 'इंजिने', आणि ती रचणारा तो इंजिनिअर. पण युक्तीला दुसरीही वाट असते. जुन्या इंग्रजीत 'जिन' म्हणजे कपट, आणि पुढे पाखरे व जनावरे धरण्याचा फास असाही अर्थ रूढ होता.

जिनाचे काम काय, हे आमच्या गृहिणींस सांगावयास नको. परसातील देवकापसाची बोंडे घेऊन बसावे, बोटांनी सरकी सोडवावी आणि मग वाती वळाव्यात. लक्षवातीचा संकल्प केलेल्या बाईस विचारावे, सरकी किती चिवटपणे रुईस धरून असते! आपल्याकडे त्यासाठी लाकडी लाटांची चरकी शतकानुशतके होती. अमेरिकेतील आखूड धाग्याच्या कापसाची सरकी मात्र चरकीस दाद देईना. तेथे एली व्हिटनी याने दातेरी यंत्र काढून 14 मार्च 1794 रोजी त्याचे पेटंट मिळविले. हाताने दिवसभर खपून जेथे पौंडभर रुई निघे, तेथे या यंत्राने 50 पौंड निघू लागली. श्रम वाचले असे वाटेल, झाले उलटेच. कापूस किफायतशीर होताच लागवड वाढली, आणि ती करण्यासाठी गुलामही वाढले. 1790 साली तेथे सुमारे 7 लक्ष गुलाम होते, 1860 साली जवळजवळ 40 लक्ष. त्या प्रश्नावरून 1861 ते 1865 यादवी युद्ध झाले, मँचेस्टरकडे जाणारा अमेरिकेचा कापूस अडला आणि गिरणीवाल्यांची दृष्टी वऱ्हाडाकडे वळली. आमच्या काळ्या जमिनीचे भाग्य म्हणा वा दुर्भाग्य म्हणा, असे दूरदेशीच्या लढाईने ठरविले.

आता मुलीच्या पुस्तकातला जीन. हा शब्द 1909 मध्ये डेन्मार्कच्या योहान्सेन या शास्त्रज्ञाने ग्रीक भाषेच्या आधाराने घडविला. त्याचेही मूळ तेच, 'जन्'. म्हणजे हा कापसाच्या जिनाचा दूरचा चुलतभाऊ. मराठीत त्यास 'जनुक' म्हणतात ते अर्थाने व कुळाने दोन्ही प्रकारे चोख आहे. 2002 साली सरकारने बीटी कापसास परवानगी दिली आणि हा चुलतभाऊ सरकीतच येऊन बसला.

येथे मात्र शब्दकोश मिटावासा वाटतो. पूर्वी शेतकरी आपल्या कापसाची सरकी परत आणून पुढील वर्षी पेरीत असे. संकरित वाणाची सरकी पेरली तर पीक एकसारखे येत नाही. म्हणून दर मृगास बियाण्याची पाकिटे विकत घ्यावयाची, बहुधा उसनवारीने. बोंडअळीस रोखण्यासाठी घातलेल्या त्या जनुकास गुलाबी बोंडअळी पुढे जुमानीनाशी झाली. 2017 च्या हंगामात या जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व मजूर दगावले. फासाचा तो जुना अर्थ मी त्या मुलीस सांगितला नाही. ती मोठी झाल्यावर कोशात पाहीलच.

तिने आणखी एक विचारले, त्याचे उत्तर मात्र तत्काळ दिले. परसातला देवकापूस कोणत्या जातीचा? तो संकरित नव्हे. गेल्या वर्षी वाती वळताना निघालेली सरकी तिच्या आजीने डबीत राखली होती. तीच कुंपणाशी रुजली आहे.

चरकीस निरनिराळ्या गावी निरनिराळी नावे असत. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांस एखादे आठवत असल्यास अवश्य लिहून कळवावे.