पावसाचा निरोप कुणाच्या मोबाईलवर?

मैत्रिणींनो, महासंगणक म्हटलं की आपल्याला वाटतं, हे काम मोठ्या शहरातल्या शास्त्रज्ञांचं. आपला त्याच्याशी काय संबंध? पण आज मी ज्या महासंगणकाबद्दल लिहिते आहे, त्याचा संबंध थेट आपल्या घरातल्या बियाण्याच्या पिशवीशी आहे. आणि पेरणी उलटली की सोनाराकडे गहाण पडणाऱ्या आपल्या डोरल्याशीही!

२०२५ चा मे महिना आठवतो ना? गच्चीवर कुरड्या वाळत घातलेल्या आणि वरून धो धो पाऊस. मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात पोचला आणि २६ मे रोजी मुंबईत हजर! इतक्या लवकर तो मुंबईत आल्याची नोंद त्याआधी नव्हती. गावोगाव पेरणीची लगबग सुरू झाली. कृषी खातं सांगत होतं, घाई करू नका. पण ओली जमीन दिसली की शेतकऱ्याचा हात थांबतो थोडाच? मग मे संपता संपता पावसाची पुढची वाटचाल थांबली, ती थेट जूनच्या मध्यापर्यंत.

गंमत म्हणजे, हा खंड पडणार हे संगणकाने आधीच हेरलं होतं. त्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मोबाईलवर पावसाच्या आगमनाचा अंदाज पाठवला. काही ठिकाणी तर चार आठवडे आधी. हा अंदाज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने काढलेला होता.

आता तुम्ही म्हणाल, यंत्राला आभाळातलं कसं कळतं? त्यासाठी ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांसमोर आणा. शास्त्रज्ञ पृथ्वीवर अशीच ठिपक्यांची जाळी कल्पतात. प्रत्येक ठिपक्यावर हवा किती तापली, वारा कुठून वाहतो, दमटपणा किती, दाब किती, हे आकडे मांडतात. मग गणिताने काढतात, की काही मिनिटांनी हे आकडे काय होतील. मग त्याच्या पुढची काही मिनिटं... असं करत करत दहा दिवसांपर्यंत जातात. १९५० साली अमेरिकेत एनियाक नावाच्या संगणकावर हा प्रयोग पहिल्यांदा झाला, तेव्हा २४ तासांचा अंदाज काढायला जवळजवळ २४ तासच लागले होते. म्हणजे अंदाज येईपर्यंत उद्या उजाडलेला! आणि एक सांगू? या एनियाकला सुरुवातीला कामाला लावणाऱ्या सहा जणी होत्या, सगळ्या बायका. आपल्याकडेही १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झालेल्या अण्णा मणी या बाईंनी हवामान मोजण्याची उपकरणं देशातच बनवण्यासाठी आयुष्य वेचलं.

रांगोळीचे ठिपके लांब असले की चित्र ढोबळ येतं. जवळ जवळ असले की मोराचं पीसन् पीस काढता येतं. हवामानाचंही तसंच. आपल्याकडे आतापर्यंत हे ठिपके १२ किलोमीटर अंतरावर होते. २६ मे २०२५ रोजी, मुंबईत पाऊस पोचला त्याच दिवशी, सरकारने ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुरू केली. त्यात हे अंतर ६ किलोमीटर झालं. ही प्रणाली बनवली आपल्या पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, आणि ती चालते तिथल्याच ‘अर्का’ या महासंगणकावर. अंतर निम्मं झालं म्हणजे काम दुप्पट झालं असं नाही बरं का. ठिपके होतात चौपट, आणि गणितही जास्त वेळा करावं लागतं. म्हणजे काम आठपटीच्या घरात जातं. म्हणून तर सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यात ‘अर्का’ आणि नोएडात ‘अरुणिका’ असे दोन महासंगणक बसवले. दोन्हींचा खर्च ८५० कोटी रुपये. एकटा अर्का सेकंदाला ११ हजार लाख कोटींहून जास्त आकडेमोडी करतो.

दुसरी वाट कृत्रिम बुद्धिमत्तेची. आपली आजी नाही का, ढगांचा रंग आणि वाऱ्याची दिशा बघून सांगायची, ‘आज नाही यायचा गं’? तिने कुठलं गणित मांडलेलं नसायचं, पण चाळीस पावसाळे पाहिलेले असायचे. ही यंत्रंही तशीच शिकतात. गूगल डीपमाइंडच्या ‘ग्राफकास्ट’ने सुमारे चाळीस वर्षांच्या जगभरच्या नोंदी अभ्यासल्या. २०२३ मध्ये त्याने दाखवून दिलं, की दहा दिवसांचा अंदाज एका मिनिटाच्या आत निघू शकतो. २०२५ च्या खरिपाच्या अंदाजात गूगलचं ‘न्यूरलजीसीएम’, युरोपीय हवामान केंद्राचं तंत्र आणि आपल्या हवामान खात्याच्या १२५ वर्षांच्या पावसाच्या नोंदी, तिन्हींची सांगड घातली होती.

अर्थात, अंदाज हा शेवटी अंदाज. ६ किलोमीटरच्या जाळीतही एका शिवारात पाऊस आणि दुसरं कोरडं, असं होणारच. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात पुराने उभी पिकं वाहून गेली, ती कुठल्याही संगणकाने अडवली नाहीत. पण पेरायचं की आठवडाभर थांबायचं, एवढा निर्णय जरी नीट झाला, तरी बियाण्याचे, खताचे आणि मजुरीचे पैसे वाचतात.

आता माझा खरा प्रश्न. हा निरोप पोचतो कुणाकडे?

त्या जूनमध्ये आमच्या तालुक्यातल्या एका गावी बचत गटाच्या बैठकीत मी विचारलं, पावसाचा मेसेज कुणाकुणाला आला? बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक जण म्हणाली, “ताई, ह्यांच्या मोबाईलवर येत असंल काहीतरी. पण मोबाईल ह्यांच्या खिशात, अन् हे तालुक्याला. मला कळंस्तोवर वापसा निघून जातो.” हसल्या सगळ्या. पण हसण्यासारखं काय होतं त्यात?

सरकारी निरोप जातो नोंद असलेल्या क्रमांकावर. नोंद असते ज्याच्या नावावर सातबारा त्याची. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशात वहिवाटदार म्हणून नोंद झालेल्या स्त्रिया होत्या जेमतेम १४ टक्के. उलट २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत, खेड्यातल्या काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ७७ टक्के शेतीत राबत होत्या. कपाशीची टोकणी आपण करायची, भाताची लावणी आपण, निंदणी-खुरपणी तर आपलीच. पण शेतकरी कोण? तर ते! भरीला, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) खेड्यातल्या निम्म्याहून कमी स्त्रियांकडे स्वतः वापरायचा मोबाईल होता. थोडक्यात काय, संगणकाची नजर सहा किलोमीटरपर्यंत आली, पण नवऱ्याच्या खिशातून बायकोच्या हातापर्यंतचं अंतर काही त्याला कापता आलं नाही.

हे अंतर कापायला महासंगणक नको. पूर्वी दवंडी पिटली की चुलीपाशी बसलेल्या बाईलाही ती ऐकू यायची. आज ग्रामपंचायतीला भोंगा आहे. मग रोज सकाळी हवामानाचा निरोप त्यावरून का वाचू नये? ग्रामसभेत आपण हा विषय मांडायला हवा. गटातल्या जिच्याकडे मोबाईल आहे तिने ‘मेघदूत’ आणि विजेची सूचना देणारं ‘दामिनी’ ही दोन सरकारी ॲप घ्यावीत, आणि निरोप गटाच्या फळ्यावर लिहावा. वीज काही सातबारा बघून पडत नाही!

आणि मुळावर घाव घालायचा तर नाव लागलं पाहिजे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मी मुक्ती’ची हाक दिली, तेव्हा हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन करून दिली होती. त्याला आता तीसहून जास्त वर्षं झाली. आपल्या घरातल्या सातबाऱ्यावर आपलं नाव आहे का, हे किती जणींनी पाहिलंय? पुढच्या वेळी तलाठी कार्यालयात जाल तेव्हा उतारा मागा आणि स्वतः वाचा. नाव नसेल, तर घरात तो विषय काढा. एकदा काढून सुटणार नाही, पुन्हा काढा.