सिगारेट सुटली, विडी नको!

१ फेब्रुवारी २०२६ पासून सिगारेटवर ४० टक्के जीएसटी आणि लांबीनुसार हजार सिगारेटमागे २,०५० ते ८,५०० रुपये उत्पादन शुल्क लागू झाले. विडीवरचा जीएसटी मात्र २८ वरून १८ टक्क्यांवर आला. किंमत वाढली की धूम्रपान कमी होते, हा जगभरचा अनुभव आहे. पण शेजारीच स्वस्त पर्याय असेल, तर सिगारेट सोडणारा तिकडे वळण्याची भीती असते.

सोलापुरात हा धोका अधिक. विडी वळण्यावर इथल्या हजारो महिलांचे घर चालते, त्यामुळे विडी कुणाला परकी वाटत नाही. ‘सिगारेट बंद केली डॉक्टर, आता फक्त दोन विड्या,’ असे बाह्यरुग्ण विभागात नेहमी ऐकू येते. विडीत तंबाखू कमी असली तरी ती विझू नये म्हणून झुरके जास्त आणि जोरात घ्यावे लागतात. निकोटिन, टार आणि कार्बन मोनॉक्साइड त्यातूनही भरपूर मिळतात. मावा किंवा मिश्रीने धूर थांबतो, व्यसन नाही. शिवाय तोंडाच्या कर्करोगाचा धोका असतोच.

सिगारेट सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण. चिडचिड, झोप न लागणे हे त्रास साधारण तीन-चार आठवड्यांत ओसरतात. सवयीची आठवण मात्र महिनोन् महिने टिकते. चहाची टपरी, रात्रपाळी, मित्रांची पार्टी अशा वेळी तलफ अचानक येते. सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर राज्यात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. तिची अंमलबजावणी कडक हवी, कारण घसरण बहुधा एकाच सुट्या सिगारेटने सुरू होते.

तलफ पाच-दहा मिनिटांत उतरते. तेवढा वेळ जागा सोडा, पाणी प्या, कुणाशी तरी बोला. पहिले काही आठवडे दारू टाळा. निकोटिन गम डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या. चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटे थांबा, नाहीतर गमचा उपयोग कमी होतो. चुकून एखादी ओढली गेलीच, तर उरलेले पाकीट त्याच क्षणी फेकून द्या. एका सिगारेटने आधीचे सगळे प्रयत्न वाया जात नाहीत.

वर्षभर दूर राहिल्यास हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर येतो. मदतीसाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे.