रथ जपणाऱ्यांनी ट्राम मोडीत काढावी?

कोठल्याही रथोत्सवात पाहावे, गर्दीची दृष्टी वर कळसाकडे लागलेली असते. दोर धरणाऱ्यांकडेही थोडीफार जाते. परंतु खाली चाकांपाशी वाकून, हातातली लाकडी पाचर नेमक्या क्षणी चाकाखाली सरकवणारी जी चार-दोन माणसे असतात, त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. रथ वळतो तो त्यांच्यामुळे, आणि थांबतो तोही त्यांच्यामुळेच. हुमनाबादेत श्रीवीरभद्रेश्वराच्या जानेवारीतल्या जत्रेला आम्ही जेव्हा जेव्हा उभे राहिलो, तेव्हा आमचे लक्ष या माणसांकडे गेले आहे. आज ज्या विषयावर लिहावयाचे आहे तो रथाचा नव्हे, ट्रामगाडीचा आहे. तथापि आमच्या वाचकांस तो पटावयाचा असेल तर या पाचरवाल्यांपासूनच आरंभ केला पाहिजे.

कोणी म्हणेल, ज्या मुलखात आगगाडीच उशिरा आली तेथल्या लोकांनी ट्रामची चिंता वाहावी हा कोठला न्याय? हुमनाबादवरून जाणारा बीदर-कलबुर्गी लोहमार्ग पुरता खुला झाला तो 29 ऑक्टोबर 2017 रोजी. त्याआधी मुंबईची वाट धरणारा येथला माणूस मोटारीने गुलबर्गा गाठी आणि तेथे मुंबईची गाडी पकडी. बोरीबंदरला उतरल्यावर त्याला प्रथम जे नवल दिसे ते म्हणजे डोक्यावरच्या तारेला दांडा लावून, घंटा वाजवीत, रस्त्याच्या मधोमध चालणारे ते घर! आमच्या भागातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीत मुंबई म्हणजे समुद्र, मुंबादेवी आणि ट्राम. तेव्हा या विषयात बोलण्याचा अधिकार आमचा नाही असे आम्ही मानत नाही.

मुंबईत ट्राम आली ती घोड्यांची, 9 मे 1874 रोजी. कुलाब्याहून पायधुणीपर्यंतचे भाडे तीन आणे होते. ज्या जागी पाय धुऊन पुढे जावयाचे तिचे नाव पायधुणी, आणि शहराच्या पहिल्या ट्रामने टेकावयाचे ठिकाणही तेच, हा योग आम्हांस फार गोड वाटतो. विजेची ट्राम 7 मे 1907 रोजी सुरू झाली. दुमजली ट्राम 1920 साली आली. 7 ऑगस्ट 1947 रोजी महापालिकेने हा सारा व्यवहार आपल्या हाती घेतला, आणि कंपनीच्या नावात ‘ट्रामवेज’ होते तेथे ‘ट्रान्सपोर्ट’ आले. म्हणजे नावातली ट्राम 1947 सालीच उतरली. रस्त्यावरची 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची फेरी करून गेली. तिला निरोप देण्यास लोटलेल्या गर्दीचे वर्णन अनेकांनी केलेले आहे. त्या गर्दीतल्या किती जणांनी दुसऱ्या दिवशी विचारले असेल, की गाडी गेली कोठे?

ती मोडीत गेली. दादरला ‘टी. टी.’ ही दोन अक्षरे तेवढी राहिली, जी आजही टॅक्सीवाले उच्चारतात आणि ज्यांचा अर्थ विचारला असता बहुतेक जण हसतात. आणिक आगारातील बेस्टच्या संग्रहालयात लहानलहान प्रतिकृती आहेत, तिकिटे आहेत, जुनी यंत्रे आहेत, आणि ज्यांनी ती गोळा केली त्यांचे उपकार आम्ही मानतो. 2016-17 च्या सुमारास फ्लोरा फाउंटनच्या परिसरात रस्ता खणताना जुने रूळ वर आले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांची छायाचित्रे मोठ्या कौतुकाने छापली. मग नगरीला आपली ट्राम दाखवावी अशी इच्छा झाली. पण बोरीबंदरासमोरच्या भाटिया बागेत जी ट्राम उभी केली गेली ती कोठली? कोलकात्याची! आपल्या रुळांवरून धावलेली गाडी तेथे उभी करता आली नाही. घरचे देव भंगारात देऊन शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यातली मूर्ती मागून आणावी आणि तिच्यासमोर कुलधर्म करावा, तसा हा प्रकार झाला. ती बिचारी गाडी निर्दोष आहे, देखणीही आहे. परंतु तिच्या डोक्यावर तार नाही, पायाखाली जाणारी वाट नाही. मूर्ती बसवली, प्राणप्रतिष्ठा राहिली.

येथे आमच्यातील काही मंडळी अधीर होतात. ती म्हणतात, रथ हा देवाचा, ट्राम ही एक आण्याची. या दोहोंची तुलना करणे हीच मुळी अमर्यादा. आम्ही त्यांना नम्रपणे विचारतो: खंडेनवमीला आपण काय करतो? मोटारीला झेंडूची माळ, मागाला कुंकू, तराजूला गंध, छापखान्याच्या यंत्राला नारळ. त्या दिवशी या मंडळींना यंत्र आणि देव यांच्यातले अंतर आठवत नाही. ज्या हत्याराने पोट भरले त्याला हात जोडावेत ही आपली रीत आहे, आणि ती आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. पण हात जोडले म्हणजे पुढचे उत्तरदायित्वही आले. आपल्याकडे विसर्जनालाही विधी आहे. गणपतीची मातीची मूर्तीसुद्धा आपण उकिरड्यावर टाकीत नाही. साठ वर्षे ज्या गाडीची पूजा केली ती एके सकाळी वजनावर विकली, तेव्हा कोणाच्या पोटात कालवले?

दुसरा आक्षेप याहून विचारी आहे. तो असा: जगन्नाथपुरीचे रथ दर वर्षी नवे होतात आणि जुने मोडून त्यांचे लाकूड देवाच्या स्वयंपाकघरात जळणाला जाते. मग वस्तू जपण्याचा हा हट्ट धर्माला तरी कोठे मान्य आहे? या आक्षेपाचे उत्तर शोधताना आमचा विषय आम्हांलाच अधिक स्वच्छ दिसला. पुरीत लाकूड जपत नाहीत हे खरे, पण माप जपतात. जगन्नाथाच्या नंदिघोषाला सोळा चाके, बलभद्राच्या तालध्वजाला चौदा, सुभद्रेच्या दर्पदलनाला बारा. हे आकडे, त्या आऱ्या, ते सांधे महाराणा सुतारांच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात आलेले आहेत. उद्या तिन्ही रथ नाहीसे झाले तरी परवा ते पुन्हा उभे राहतील. इतर ठिकाणी रथ तोच राहतो, सुतार बदलतात. म्हणजे वस्तू जपावी किंवा विद्या जपावी. दोन्हींपैकी एक तरी सांभाळावे असा आपल्या परंपरेचा दंडक आहे. ट्रामच्या बाबतीत मुंबईने वस्तूही घालवली आणि विद्याही घालवली. आज त्या नगरीत तार कशी ताणावी, ट्रॉलीचा दांडा टोकाला कसा फिरवावा, पावसात निसटणाऱ्या चाकाखाली वाळू केव्हा सोडावी, हे हाताने केलेले किती जण उरले असतील? 1964 साली जो वीस वर्षांचा होता तो आज ऐंशीच्या पुढे गेला आहे.

परदेशात हेच काम कोणी केले ते पाहावे. ते सरकारांनी केले नाही, धनिकांनीही केले नाही. अमेरिकेत मेन राज्यात 1939 साली काही तरुणांनी मोडीत निघालेली एक उघडी ट्राम दीडशे डॉलरला विकत घेतली आणि शेतात नेऊन ठेवली. तेथे आज सीशोर ट्रॉली संग्रहालय आहे. इंग्लंडात 1948 साली साउथॅम्प्टनची एक ट्राम अशाच हौशी मंडळींनी दहा पौंडांना घेतली. त्यांतूनच पुढे डर्बीशरमधील क्रिच या खेड्यातल्या एका जुन्या चुनखडीच्या खाणीत राष्ट्रीय ट्राम संग्रहालय उभे राहिले. तेथे विजेची ट्राम पुन्हा धावू लागली ते वर्ष कोणते? 1964! ज्या वर्षी मुंबई शेवटची ट्राम घालवीत होती त्याच वर्षी दूरच्या एका खाणीत, आपल्या हातांनी रूळ घातलेले कारकून आणि शिक्षक पहिली चालवीत होते. इंग्रजांचे गुणगान गाण्याची आम्हांस हौस नाही. पण लाज वाटण्याजोगे काही असेल तर ती वाटावी.

आणि त्यांनी काय काय जपले तेही पाहण्यासारखे आहे. उतारूंच्या रंगीत गाड्या तर आहेतच. मागे जोडावयाचे बिनमोटारीचे डबेही आहेत, जसे कोलकात्यात दुसऱ्या वर्गाचा डबा पहिल्या वर्गाच्या मागून खडखडत येई. परंतु आमचे मन जडले ते कामाच्या गाड्यांवर. क्रिचला कार्डिफ शहराची 131 क्रमांकाची पाणगाडी आहे, 1905 सालची. तिच्यात एकही उतारू कधी बसला नाही. रूळ ओले करावयाचे आणि घासून स्वच्छ करावयाचे एवढेच तिचे आयुष्य. ब्रुसेल्सची एक झाडूगाडी तेथे आहे, रुळांवरचे बर्फ झाडणारी. अशा गाड्यांना फिरणारे मोठे कुंचे असत आणि ते बहुधा वेताचे असत. वेत! आपल्या सुपांचा आणि टोपल्यांचा वेत, त्या गोठलेल्या रात्री, पहिली ट्राम निघण्याच्या आधी रस्ता झाडीत असे. तार दुरुस्त करण्यासाठी उंच मचाण वाहणारी गाडी, रुळाच्या लाटा घासून काढणारी गाडी, वाळू वाहणारी गाडी; ही सारी भावंडे रात्री बाहेर पडत आणि उजाडण्यापूर्वी आगारात परतत. त्यांच्यावर कोणी चित्रपट काढला नाही.

पुरीत रथ निघण्यापूर्वी स्वतः गजपती राजा सोन्याच्या मुठीचा झाडू घेऊन रथ झाडतो. झाडणे हे राजाचे काम ठरवणारा आपला समाज. त्याने तरी या पाणगाड्यांचे आणि झाडूगाड्यांचे महत्त्व ओळखावयास हवे होते. आम्हांस खात्री आहे की एखाद्या दिवशी आपल्याकडेही चकचकीत रंग दिलेली ट्राम चौकाचौकांत उभी राहील, तिच्याशेजारी लोक आपली छायाचित्रे काढतील. आणि पाचर सरकवणारा माणूस पुन्हा एकदा विसरला जाईल.

ट्राम ही गुलामगिरीची खूण, असेही एक मत कानी येते. गोऱ्या भांडवलाने ती आणली हे कोण नाकारतो? पण घोड्याचा लगाम आणि पुढे मोटारीचा दांडा कोणाच्या हाती होता? 1953 साली कोलकात्यात इंग्रज कंपनीने दुसऱ्या वर्गाचे भाडे एका पैशाने वाढवले तेव्हा सारे शहर पेटून उठले. ते का? तर ती ट्राम लोकांना आपली वाटत होती म्हणून. ज्या वस्तूसाठी लोक एका पैशावरून लढले तिच्यावर त्यांची मालकी सिद्ध झाली, असे आम्ही समजतो.

देशात विजेची ट्राम प्रथम मद्रासेत 1895 साली धावली. ती 1953 साली बंद पडली. कानपूरची 1933 सालीच गेली, दिल्लीची 1963 साली. नाशिकात 1889 पासून स्टेशन ते गाव घोड्यांची ट्राम होती आणि कित्येक यात्रेकरू तिच्यातून पंचवटीकडे गेले. आज नाशिकला जाऊन तिची खूण विचारावी आणि काय उत्तर मिळते ते ऐकावे. राहता राहिले एकटे कोलकाता. सप्टेंबर 2024 मध्ये तेथल्या सरकारने मैदान ते एस्प्लनेड एवढा तुकडा हौसेपुरता ठेवून बाकी ट्राम बंद करण्याचे जाहीर केले. मेलबर्नचे ट्रामप्रेमी आणि कोलकात्याचे ट्रामवाले यांनी 1996 पासून मिळून जो मैत्रीचा उत्सव चालवला, त्याचे नाव त्यांनी ‘ट्रामजात्रा’ ठेवले. जत्रा हा शब्द मेलबर्नच्या कंडक्टरला सुचतो आणि वर्षाला दोन जत्रा करणाऱ्या आम्हांला सुचत नाही.

आमचे मागणे मोठे नाही. मुंबईत पुन्हा ट्राम सुरू करा असे आम्ही म्हणत नाही. कोलकात्याची आगारे रिकामी होऊ लागली आहेत, तोवर एक मोटारगाडी, एक जोडडबा आणि सापडल्यास एक कामाची गाडी मुंबईने आणावी, आणि त्यांच्याबरोबर ती चालवणारे व दुरुस्त करणारे दोन वृद्ध कारागीर सन्मानाने आणावेत. फर्लांगभर रूळ, फर्लांगभर तार. महिन्यातून एकदा ती चालावी. मुंबईच्या ज्या गुजराती, सारस्वत, कोकणी, दख्खनी घरांतून ट्रामने कामावर जाणारे आजोबा होऊन गेले, त्या घरांतील पेट्यांत बिल्ले, तिकिटे, पगाराचे कागद पडले असतील. ते रद्दीवाल्याकडे जाण्यापूर्वी पाहावेत.

हे सारे लिहिताना आमची स्वतःची पायरी आम्ही विसरलो नाही. आमच्याच भागातील एका देवस्थानाने, नाव घेत नाही, काही वर्षांपूर्वी नवा रथ केला. जुना सागवानी होता, वाळवीने एका बाजूने पोखरला होता. तो दुरुस्त करू म्हणणारा एक म्हातारा सुतार होता. त्याने मागितलेली मजुरी समितीला अधिक वाटली. लाकूड वखारीला देण्याचा ठराव झाला, आणि त्या ठरावाखाली आमचीही सही आहे. वखारवाल्याने कोरीव फळ्या नेल्या. चाके जड म्हणून दोन तेवढी मागे ठेवली. ती अजून विहिरीच्या मागे भिंतीला टेकून उभी आहेत. म्हाताऱ्याचा नातू आता शहरात फर्निचरच्या कारखान्यात असतो. मागच्या जत्रेला तो आला होता. चाकाच्या आऱ्यांवरून हात फिरवीत त्याने आम्हांला विचारले, हे सांधे आजोबांनी खिळ्यावाचून कसे बसवले होते? आम्हांला सांगता आले नाही.